भिगवणचे हिवाळी पाहुणे आणि कॅमेऱ्याची मर्यादा

पुण्याहून सोलापूर महामार्गाने सुमारे शंभर किलोमीटर गेले की इंदापूर तालुक्यातील भिगवण लागते. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा पुणे, सोलापूर व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या शिवारांत पसरला. अनेक गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर आजही पाणी ओसरल्यावरच पूर्ण दर्शन देते. माणसांनी सोडलेल्या याच उथळ पाण्यावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. त्यांच्या ओढीने कुंभारगाव आणि डिकसळच्या काठावर हौशी छायाचित्रकारांची वर्दळ सुरू होते. त्यांत आठवड्याच्या सुट्टीला दुकान बंद ठेवून आलेले व्यापारी असतात, निवृत्त नोकरदार असतात, महाविद्यालयीन तरुणही असतात.

येथील यश मुहूर्तापेक्षा पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते. धरण काठोकाठ भरलेले असेल तर डिसेंबरातही रोहित पक्षी तुरळकच दिसतात. पाणी उतरून चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडले की त्यांचे थवे जमतात. चोच उलटी बुडवून ते पाणी गाळतात आणि त्यातील सूक्ष्म जीव व शेवाळ टिपतात. त्यांच्या पंखांची लाली याच आहारातून येते. शेजारी केशरी चक्रवाकांच्या जोड्या आणि पिवळ्या चोचीचे चित्रबलाक असतात. काठच्या गवतात पट्टकादंब चरताना आढळतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्यांची खूण. मंगोलिया, तिबेट, लडाख हा त्यांच्या विणीचा प्रदेश. हिमालय ओलांडताना ते सात हजार मीटरहून अधिक उंची गाठतात, असे उपग्रहाद्वारे केलेल्या नोंदींत आढळले आहे.

इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याकडे भांडवल एकच असते, अंगात साठवलेली चरबी. हिवाळ्यात खाऊन ते वाढवायचे आणि परतीच्या प्रवासात खर्च करायचे, एवढाच त्याचा व्यवहार. प्रत्येक अनावश्यक उड्डाण हा त्या भांडवलातून झालेला खर्च होय. रोहितला तर हवेत झेपावण्यापूर्वी पाण्यावरून काही अंतर धावावे लागते. ते दृश्य विलक्षण सुंदर दिसते आणि नेमके तेच छायाचित्र प्रत्येकाला हवे असते. मग होडी थव्याच्या दिशेने वेगात नेली जाते, टाळ्या वाजतात, सारा थवा उडतो. थोड्या वेळाने दुसरी होडी येते आणि तोच थवा पुन्हा उडवला जातो. सकाळभरात असे कितीदा घडते, याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत प्राण्यांना हाकणे आणि आमिष दाखवणे यांचाही समावेश आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दोष केवळ नावाड्याचा नव्हे. हिवाळ्याचे हे चार महिने मच्छीमार कुटुंबांना चार पैसे मिळवून देतात, आणि पक्ष्यांच्या सवयी त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक नसतात. किती अंतरावर पक्षी मान उंचावतो, किती अंतरावर तो चरणे थांबवतो, हे त्यांना पाहताक्षणी कळते. परंतु भाडे देणाऱ्याने ‘उडवून दाखवा’ म्हटले की नाही म्हणणे त्यांना जड जाते. म्हणून हा शब्द ग्राहकानेच द्यावयाचा असतो. होडीत बसण्यापूर्वीच ‘थवा उडवायचा नाही, पक्ष्याने मान वर केली की थांबायचे’ असे स्पष्ट सांगितले, तर नावाडी आनंदाने ऐकतो.

पक्ष्यांना फरसाण टाकण्याची प्रथाही अनेक जलाशयांवर रूढ झाली आहे. कुरव पक्षी होडीभोवती घिरट्या घालतात आणि छायाचित्र सहज मिळते. चबुतऱ्यावर ज्वारी-बाजरी घालणाऱ्या घरांना हे दान वाटणे स्वाभाविक आहे. पण तेला-मिठाचा तळलेला पदार्थ हे मासे व कीटक खाणाऱ्या पक्ष्याचे अन्न नव्हे. दानाची पात्रता घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरते, हे येथेही खरे आहे.

संयमी छायाचित्रकाराला काही गमवावे लागत नाही. सूर्योदयापूर्वी पोहोचून सूर्य पाठीशी येईल अशा जागी होडी स्थिर ठेवली, चारशे मिलिमीटर किंवा त्याहून लांब पल्ल्याचे भिंग लावले आणि पांढऱ्या पिसांचे तपशील राहतील इतपत प्रकाश आवरला, की काम झाले. तासाभरात पक्षी होडीला सरावतात आणि चरत चरत कित्येकदा आपणहून जवळ येतात. उड्डाणाचे छायाचित्रही मिळते. आकाशात शिकारी पक्षी दिसला किंवा चरण्याची जागा बदलायची झाली की थवा स्वतःच उठतो. तोवर वाट पाहावी लागते आणि एखाद्या रविवारी ते दृश्य न टिपताच परतावे लागते. त्या दिवशी मान खाली घालून निवांत चरणाऱ्या पक्ष्यांची साधी छायाचित्रे हाती असतात. मुलांना बरोबर नेणाऱ्या कुटुंबांनी तीच आधी दाखवावीत आणि पक्षी का उडाले नाहीत, तेही सांगावे.