बी.ई. आणि बाख

बी.ई.चं वर्ष म्हणजे प्रोजेक्ट, सेमिनार, कॅम्पस. त्यात पियानोला रोज जेमतेम अर्धा तास! मग वर्षभर वाजवायचं काय? मित्र म्हणतात, बीथोवनच्या ‘मूनलाइट’चा शेवटचा भाग बसव, गॅदरिंगला टाळ्याच टाळ्या! अहो, पण तो सुसाट भाग अर्ध्या तासात कसा बसणार?

शेवटी बाईंशी बोलून तीन पीस ठरवले. पहिला, बाखचं सी मेजर इन्व्हेन्शन. अशी १५ इन्व्हेन्शन्स त्याने १७२३ साली शिकणाऱ्यांसाठीच एकत्र केली. यात डावा हात नुसता साथीला नाही. उजवा जे म्हणतो तेच तोही म्हणतो. दुसरा, बीथोवनचाच ऑपस ४९ मधला जी मेजर सोनाटा. दोनच भाग, पण लय शेवटपर्यंत सांभाळायला लावणारे. तिसरा, शोपँचं ई मायनर प्रील्यूड. अवघे २५ बार, उजव्या हाताला सोपे सूर. पण डाव्याचे कॉर्ड्स हळू आणि एकसारखे वाजवणं महाकठीण!

पुढच्या वर्षी नोकरी कुठल्या गावी लागेल, तिथे पियानो मिळेल का, देव जाणे. म्हणून टाळ्यांचं राहू दे. पियानो सुटला तरी बोटांत राहतील, असे पीस मला हवे आहेत.