मानू, एका घोड्याची किंमत

रात्रीचे आठ वाजलेले असतात. दिवसा लहान मुलांचा असलेला हा वर्ग. बाकं इतकी बुटकी, की मोठ्या माणसांना गुडघे बाजूला वळवून बसावं लागतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसलेली ही माणसं. कुणी दिवसभर पार्सलं पोचवून आलेलं, कुणाची दहापासून रखवालीची पाळी. कुणाला पुढे आयटीआय करायचं आहे, कुणाला अकरावीत जायचं आहे. मी त्यांना बीजगणित शिकवते. पेपर चाळीस मार्कांचा. भूमितीचे चाळीस वेगळे.

तिसऱ्या बाकावर मावशी बसतात. पोळ्या लाटण्याचं काम करतात. तोंडी हिशेब असा, की तीन पेनं आणि वीस रुपयांची वही मिळून पन्नास झाले, तर एक पेन कितीचं, हे मी फळ्यावर लिहून संपवायच्या आत त्यांचं 'दहा' येतं. पण वही पाहिली तर पहिली ओळ कोरी. 'मानू' एवढंच लिहिलेलं, पुढे काही नाही, आणि एकदम खाली उत्तर. उत्तर बरोबर, पायऱ्यांचे मार्क गेले.

"मावशी, ही ओळ का सोडता?"

"मॅडम, जे मला ठाऊकच नाही, ते आधीच कसं लिहू?"

त्या रात्री लोकलमध्ये मला दुसरं काही सुचलं नाही. लहान मुलं 'एक्स मानू' पटकन लिहून मोकळी होतात. मोठ्यांची वर्षं न येणारी गोष्ट झाकण्यात गेलेली असतात. बँकेत फॉर्म पुढे आला की चष्मा घरी राहिला म्हणायचं. पालकसभेला मागच्या रांगेत बसायचं. आणि बीजगणित पहिल्याच ओळीत सांगतं, तुला काय ठाऊक नाही ते सगळ्यांत वर लिही, त्याला नाव दे आणि त्याला सोबत घेऊन पुढे चल. या विषयातली अवघड जागा मला हीच वाटते. बाकीची बेरीज-वजाबाकी त्यांना माझ्याहून लवकर येते.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक मिटून भास्कराचार्यांचं एक गणित फळ्यावर मांडलं. एका माणसाकडे सहा घोडे आणि रोख तीनशे. दुसऱ्याकडे दहा घोडे, पण डोक्यावर शंभराचं कर्ज. घोडे सगळे एका किमतीचे, आणि दोघांची मत्ता सारखीच. तर एक घोडा कितीचा? ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'बीजगणित' हा त्याचाच भाग. न कळलेल्या संख्येला ते 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे जितकं असेल तितकं. किती सोपं आणि किती धीराचं नाव! लिहिताना नुसतं 'या'. सुट्ट्या आकड्याला 'रू', म्हणजे रूप. मी तसंच लिहिलं: वर 'या ६ रू ३००', खाली 'या १० रू १००', आणि त्या शंभरावर एक टिंब. टिंब दिलं की ती रक्कम कर्जाची. अज्ञात गोष्टी एकाहून जास्त असल्या, तर पुढच्यांना रंगांची नावं: काळ्यावरून कालक, निळ्यावरून नीलक, पिवळ्यावरून पीतक.

चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग मराठीत, आणि त्यात बाजारातल्या मालावरचं काही उत्पन्न मठाला दिल्याचं लिहिलं आहे. सौदा करून उठलेल्या माणसांच्या पैशातून तिथे बीजगणित शिकवलं जाणार होतं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा भाजीच्या गाडीवाला एक मुलगा ताठ बसला.

मराठीत शिकणाऱ्याच्या हाती भाषेनंच बरंच काही ठेवलेलं आहे. एक्सची आपण 'किंमत' काढतो. शून्याखालच्या संख्येला 'ऋण' म्हणतो. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली धन आणि ऋण यांचे नियम सांगितले, तेही मिळकत आणि देणं याच शब्दांत. वजा वजा अधिक का, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. पाठ करून घेतलं होतं. मावशींना मी विचारलं, वाण्याच्या वहीतली तुमची शंभराची उधारी त्यानं खोडून टाकली तर? त्या म्हणाल्या, "मग शंभर मिळाल्यासारखेच की." मी फळ्यावर फक्त चिन्हं लिहिली.

'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे वाक्य मी वर्गात येऊ देत नाही. त्याने गणित सुटतं, पण का सुटतं ते दिसत नाही, आणि ज्याला एकदा गणितानं घाबरवलं आहे त्याला 'का' दिसलंच पाहिजे. म्हणून आम्ही तराजू काढतो. दोन्ही पारड्यांतून सारखंच उचलायचं. भास्कराचार्यांचा शब्द समशोधन. सहा-सहा घोडे दोन्हीकडून सोडून दिले. डावीकडे तीनशे, उजवीकडे चार घोडे आणि शंभराचं कर्ज. दोन्हीकडे शंभर-शंभर टाकले, कर्ज फिटलं. चार घोडे म्हणजे चारशे. "शंभरला एक," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी वर जाऊन कोऱ्या जागी लिहिलं: मानू, एका घोड्याची किंमत एक्स.

परवा वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या. वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःचंच गणित होतं. एका खानावळीत पोळ्यांचं काम मिळतंय. रोजचे ठरलेले तीनशे आणि वर पोळीमागे एक रुपया. नाहीतर ठरलेलं काहीच नाही, पोळीमागे सरळ अडीच. दोन दिवसांत कळवायचंय. पहिल्या ओळीत, ठळक, 'मानू, पोळ्या एक्स'. खाली डाव्या बाजूला तीनशे अधिक एक्स, उजव्या बाजूला अडीच एक्स. दोन्हीकडून एक एक्स काढलेला. दीड एक्स म्हणजे तीनशे. एक्स दोनशे.

"ताळा केला?"

"केला. दोनशेला इकडे पाचशे, तिकडे पाचशे."

"आणि तुमच्या रोज किती होतात?"

"अडीचशेच्या खाली नाही कधी." पेन्सिल पानावरून हळूहळू सरकली. "इकडे साडेपाचशे. तिकडे सव्वासहाशे." त्यांनी पुन्हा एकदा वरपासून वाचलं, ओळीओळीवर बोट ठेवत, आणि वही पिशवीत टाकली. "सकाळीच फोन करते. अडीचनंच सांगते."