ढोलीतले बिऱ्हाडकरू

'पोपटपंची' हा शब्द ज्याने प्रथम वापरला, त्याने पोपट फक्त पिंजऱ्यातच पाहिला असावा. रानातला पोपट माणसाची भाषा बोलत नाही. तो आपल्याच भाषेत भांडतो आणि त्याच्या भांडणाचा विषयही आपल्यासारखाच असतो, जागेचा! काड्या जमवून घरटे विणणे त्याला साधत नाही. त्याला आयती ढोली हवी असते. सुताराने किंवा तांबटाने कोरलेले भोक गाठायचे, चोचीने थोडे मोठे करायचे आणि बिऱ्हाड मांडायचे. पागडी नाही, पण मारामारी पुष्कळ.

आपल्या शहरांत दिसतो तो गुलाबी कंठाचा पोपट. हा कंठ नरालाच असतो, मादीचा गळा मोकळा. जुन्या भिंतीतले भोकही त्याला चालते, म्हणून तर तो लंडनच्या बागांतही नांदू लागला आहे. त्याचा थोरला भाऊ पहाडी पोपट. खांद्यावर तांबडा डाग आणि चोच अशी दांडगी की बोट पुढे करू नये.

पण बाकीची भावंडे पाहायची तर माघ-फाल्गुनात सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढावा. पायथ्याच्या शेताकडेला तुईया भेटतो. नराचे डोके पिकल्या जांभळ्या बोरासारखे, मादीचे राखी. हाक मात्र दोघांची गोड, 'टुई?' असे कोणी विचारत असल्यासारखी. वर, सुमारे ७०० मीटरवर, धुक्यातून कर्कश ओरड येते ती निळ्या पंखांच्या पोपटाची. करड्या अंगाचा हा देखणा पक्षी सह्याद्रीच्या रांगा सोडून जगात कोठेही राहत नाही. इतका पक्का स्थानिक रहिवासी आपल्या म्युनिसिपालिटीच्या यादीतही सापडायचा नाही!

तेथेच पांगारा फुललेला असला तर त्याखाली थोडा वेळ थांबा. वीतभरही नसलेला, आखूड शेपटीचा, पाठीशी लालभडक असा एक पोपट उलटा टांगून मध चाखताना दिसेल. हाच लटकन. झोपतोही उलटाच. ह्याची मादी पानांच्या चिरफळ्या करते आणि पाठीच्या पिसांत खोचून ढोलीत नेते. सामान हलवण्याची ही तऱ्हा आमच्या घरात सर्वांना फार पसंत पडली.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार हे सारे पोपट पकडणे आणि पाळणे गुन्हा आहे. तरी पिल्ले चोरीला जातात, कारण डोळेही न उघडलेले पिल्लू ढोलीतून काढणे सोपे असते. ढोलीच तोडली तर पिल्ले होतच नाहीत, आणि ही तोड सहसा कोणाच्या नजरेत येत नाही. वाळलेले, पोकळ खोड म्हणजे आपल्या लेखी सरपण. रस्ता रुंद करताना पहिली कुऱ्हाड त्यावरच पडते. नवी रोपे लगेच लावली जातात, हे खरे. पण त्यांना पोटात पोकळी धरायला पन्नास-शंभर वर्षे लागतात आणि पोपटाची वीण पुढच्याच पौषात असते.