राडारोड्यातले गाव

गाव वसते की वसवावे लागते, हा प्रश्न आमच्या घरी पुस्तकी नव्हता. आजोळचे गाव धरणाखाली गेले आणि नव्या जागी घरांना भूखंडांचे क्रमांक मिळाले. आजी अखेरपर्यंत त्या जागेला ‘वसाहत’च म्हणत राहिली. म्हणूनच असेल, चंडीगढच्या सरळ रस्त्यांवरून हिंडताना त्या नगराच्या कीर्तीपेक्षा त्याच्याखाली काय होते, हेच माझ्या मनात घोळत राहिले.

फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाब राजधानीवाचून उरला. शिवालिकच्या पायथ्याशी नवे नगर उभारायचे ठरले. अल्बर्ट मेयर यांच्या पहिल्या आराखड्यातील रस्त्यांना बाक होता. १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए यांनी तो काढून चौकटी आखल्या. ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असा सेक्टर, रस्त्यांचे सात प्रकार, हुद्द्यागणिक घरांचे वर्ग. शिपायाच्या घरालाही अंगण असावे, ही दृष्टी थोर होती, हे मान्य करायलाच हवे. पण ज्यांनी विटा वाहिल्या त्या मजुरांसाठी त्या कागदावर जागा नव्हती. त्यांच्या झोपड्या कडेकडेने उभ्या राहिल्या.

कागद कोरा होता, जमीन कोरी नव्हती. तेथे नांदती गावे होती, आमराया होत्या. गावे उठली आणि त्यांचा राडारोडा मागे उरला.

तो एका माणसाने उचलला. नेकचंद हे बांधकाम खात्यातले रस्ता-निरीक्षक. त्यांचे स्वतःचे गाव सीमेपलीकडे राहिलेले. मोडलेल्या घरांतील फुटक्या कपबशा, काकणांचे तुकडे, नदीनाल्यांतले गोटे ते सायकलवरून सुखना तलावाजवळच्या राखीव रानात नेत. तेथे त्यांनी वर्षानुवर्षे, कोणाला नकळत, माणसे घडवली, जनावरे घडवली, वाकड्या वाटा आणि ओढे केले. कायद्याच्या भाषेत ते अतिक्रमणच. ते उघडकीस आल्यावर पाडले गेले नाही, हे त्या नगराचे भाग्य. १९७६ मध्ये ती बाग सर्वांना खुली झाली. काकणांच्या तुकड्यांनी मढवलेल्या त्या बायकांच्या रांगेसमोर मी बराच वेळ उभा होतो. ही काकणे कोणाच्या हातातली, याची नोंद कोणत्या दप्तरात असणार?

सगळीच गावे मात्र उठली नाहीत. सेक्टर ४५ मध्ये बुडैल अजून आहे; चौकटीच्या पोटात त्याच्या गल्ल्या वाकड्याच जातात. तेथे एका वृद्ध सरदारजींना मी त्यांचा पत्ता विचारला. सेक्टरचा आकडा त्यांनी घेतलाच नाही. गुरुद्वाऱ्यापासून तिसरे दार, एवढेच म्हणाले, आणि चालत पुढे झाले.