दोन फड आणि एक शाळा

फड म्हटलं की आपल्या बीड जिल्ह्यात आधी ऊस आठवतो. दिवाळीच्या आसपास कोयता, भांडीकुंडी, लहानगी लेकरं ट्रक-ट्रॅक्टरात भरून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत माघारी यायचं नाव नाही. लिंबागणेशच्या माणसाला हे नव्यानं सांगायची गरज नाही.

दुसरा फड तमाशाचा. तोही दसऱ्याला बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास थांबतो. तिथंही कलावंत उचल घेऊनच बांधलेला असतो. पावसाळ्यात तंबू बंद. मग रात्रभर लावणी नाचणारी बाई खुरपायला जाते आणि ढोलकीवाला मिळेल ती मजुरी करतो.

आता हे दोन्ही फड शेजारी ठेवून बघा. जून ते सप्टेंबर ऊसतोड मजुराचं लेकरू गावात असतं, शाळेत असतं. त्याच महिन्यांत तमाशाचा कलावंत घरी रिकामा असतो. आणि त्याच महिन्यांत, 15 ऑगस्टची लेझीम सोडली, तर शाळेत नाचाचं काहीच नसतं. कारण आपलं गॅदरिंग असतं डिसेंबर-जानेवारीत.

म्हणजे गॅदरिंगचा स्टेज उभा राहतो तेव्हा निम्मा वर्ग उसाच्या पाचटात असतो. हंगामी वसतिगृहामुळं किंवा आजीपाशी जी मागं राहतात, ती वाचली. बाकीच्यांच्या शाळेच्या आठवणीत गॅदरिंग नाहीच. तालुक्याहून पंधरा दिवसांसाठी डान्सवाला सर येतो, मोबाईलवर गाणं लावतो, स्टेप बसवून घेतो. भाड्याच्या ड्रेसचे पैसे पालकांनी भरायचे. ज्याला परवडत नाही ते लेकरू सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतं. यात त्या सरांचा दोष नाही, तो त्याचं पोट भरतो. पण याला कलाशिक्षण म्हणायचं का?

कागदावर सगळं आहे बरं का. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं बावीसावं प्रकरण काढून वाचा. प्रत्येक शाळेत किंवा शाळासंकुलात निवासी कलावंत असावा, असं उद्दिष्ट तिथं स्पष्ट दिलंय. निवासी म्हणजे एक दिवस येऊन, सत्काराचा नारळ घेऊन जाणारा नव्हे. काही दिवस गावात राहून मुलांबरोबर काम करणारा. त्याच धोरणात स्थानिक कलावंतांना तज्ज्ञ निदेशक म्हणून नेमायचीही सोय सुचवलेली आहे.

आणि ही कल्पना परदेशातून आलेली नाही. रवींद्रनाथांनी 1919 साली सिल्हेटला मणिपुरी नाच पाहिला आणि लगेच पुढच्या वर्षी त्रिपुऱ्याहून बुद्धिमंत सिंह या गुरूंना शांतिनिकेतनात आणलं. तेव्हाच्या प्रतिष्ठित बंगाली घरांतही नाच म्हणजे कमीपणाच मानला जायचा. पण शाळेनं कलावंताला गुरू म्हणून जागा दिली आणि लोकांची नजर हळूहळू बदलली. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केलं, आपल्याला 2020 चं धोरण हातात असून जमेना.

का जमत नाही, तेही बोलू. मी हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘शाळेत तमाशावाली आणणार का?’

2010 साली ‘नटरंग’ आला. तेव्हापासून मराठवाड्यातल्या किती शाळांच्या गॅदरिंगला त्यातल्या लावण्यांवर पाचवी-सहावीच्या पोरी नाचल्या असतील, हे आठवून बघा. आईबाप पुढच्या रांगेत उभे राहून शूटिंग करतात. गाणं चालतं, नऊवारी चालते, घुंगरू चालतात. ज्या बाईनं ती अदा वीस-वीस वर्षं घाम गाळून कमावली, तेवढी चालत नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना 2012 साली पद्मश्री मिळाली. पण त्यांच्याच वाटेनं जाणारी एखादी कलावंतीण शाळेच्या गेटात उभी राहिली, तर आपण चौकशी करणार.

किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ ज्यांनी वाचलंय त्यांना हे सांगायला नको. नाचणाऱ्या आईचा मुलगा, पुढं डॉक्टर झाला. नावापुढं आईचंच नाव लावलं. अशी लेकरं आजही वर्गात बसतात आणि आई काय करते हे सांगताना मान खाली घालतात. त्यांची आई, मावशी त्याच शाळेत ‘बाई’ म्हणून शिकवायला आली तर त्या लेकराची मान कुठं जाईल, याचा विचार करा.

फक्त लावणीच आणा असं माझं म्हणणं नाही. आपल्या भागात गोंधळी आहेत, वाघ्या-मुरळी आहेत, आराधी आहेत, भारूड करणारे आहेत, हलगीवर ताल धरणारे आहेत. तमाशाची सुरुवात गणानं होते आणि आपलं गाव तर भालचंद्र गणपतीचं. पोरांना गण शिकवा, गवळण शिकवा, ताल कसा मोजायचा ते शिकवा, शेकडो माणसांसमोर न घाबरता उभं कसं राहायचं ते शिकवा. मुलं-मुली दोघांनाही. ड्रेस नको, डीजे नको. एक ढोलकी आणि वर्गातली बाकं बाजूला सरकवून झालेली मोकळी जागा, बास.

अडचणी येतील. कलावंताकडं बीएड नसणार. मागू नका, त्याची पदवी त्याच्या पायात आहे. तालमीला शाळेतल्या एक मॅडम रोज हजर असल्याच पाहिजेत. कलावंताच्या राहण्याची नीट सोय हवी. आणि मानधन ठरवून, वेळेवर, बँक खात्यात. सरकार वृद्ध कलावंताला पन्नाशीनंतर मानधन देतं, 2024 पासून ते महिन्याला 5000 रुपये झालंय. चांगलं आहे. पण तिशीतल्या कलावंताला मदत नको, काम हवंय. पावसाळ्यातले दोन महिने शाळेनं काम दिलं, तर पुढच्या हंगामाची उचल तेवढी कमी घ्यावी लागेल.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गॅदरिंगच्या खर्चातला काही वाटा जुलै-ऑगस्टकडं वळवा. उरलेल्यासाठी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तरतूद मागा. 1 मेच्या ग्रामसभेत ठराव मांडा, म्हणजे जूनला शाळा उघडताना तयारी झालेली असेल. मुख्याध्यापक, संस्थाचालक, सरपंच यांच्यापैकी कुणीही सुरुवात करू शकतं. आणि कार्यक्रम ठेवा दसऱ्याच्या आधी.

म्हणजे ट्रक भरायच्या आत प्रत्येक लेकरू एकदा तरी स्टेजवर उभं राहिलेलं असेल, आणि त्याचे आईबाप समोर बसलेले असतील.