काकांची रेवा

बेंगळुरूला काकांकडे २००५ सालची रेवा आहे. काकू याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली, त्यामुळे विकायचा प्रश्नच नाही. पुढच्या सीटखाली ६ व्होल्टच्या ८ लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, सगळ्या सिरीजमध्ये. नवी असताना एका चार्जमध्ये ८० किलोमीटर जायची म्हणे, गेल्या वर्षी पंचविसावर आली. मी मीटर लावून एक मेलेली बॅटरी शोधली आणि इंजिनियरच्या थाटात सांगितलं, "काका, एवढी एकच बदला!"

"तू म्हणतोस तर बदलू."

झालं! सिरीजमध्ये करंट सगळ्यांतून सारखाच. म्हाताऱ्या सात आधीच रिकाम्या, नवीत मात्र अजून भरपूर शिल्लक. चार महिन्यांत गाडी भर सिग्नलला बसली. (ढकलली मीच.) शेवटी आठही नव्या घेतल्या. माझी ती एकटी बॅटरी काकांनी भंगारात दिली नाही. गॅरेजमध्ये तशीच ठेवलीये, अगदी दारासमोर.