संघ कोणाचा?

मुरूडच्या समुद्रास ओहोटी लागली म्हणजे सुरूच्या बनापासून पाण्याच्या कडेपर्यंत ओल्या वाळूचे विस्तीर्ण पटांगण मोकळे होते, आणि घटकाभराच्या आत गावातली पोरे फुटबॉल घेऊन तेथे जमतात. चपलांचे दोन ढीग म्हणजे गोल. पंच कोणीच नाही. संध्याकाळच्या फेरफटक्यास आम्ही त्याच वाटेने जातो आणि एक प्रसंग वारंवार आमच्या पाहण्यात येतो. खेळ रंगात आलेला असतो. तोच कोठे तरी वाद उपस्थित होतो, आणि चेंडू ज्याचा असतो तो मुलगा तो बगलेत मारून घराची वाट धरतो. उरलेली पोरे खट्टू होऊन पाहत राहतात. चेंडू त्याचा, हे कोणास नाकारता येत नाही. पण खेळ सर्वांचा होता, हेही तितकेच खरे.

या पोरखेळात केवढा प्रश्न दडलेला आहे, हे आम्हांस वयाच्या सत्तरीजवळ कळले, आणि तेही आमच्या पुतण्याकडून. ती हकीकत थोडी आमच्या फजितीची आहे. पण ज्या घरांतून चार भावांचा संसार अद्याप एका चुलीवर चालतो, त्या घरांतील वडील मंडळींना ती ऐकण्यासारखी वाटेल, म्हणून सांगतो.

आमच्या धाकट्या बंधूंचा हा मुलगा २०१४ साली शिक्षणासाठी पुण्यास गेला. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा सुरू झाली व तीत एफ. सी. पुणे सिटी नावाचा संघ उतरला. बालेवाडीच्या क्रीडानगरीत त्याचे सामने होत. नारिंगी सदरे घालून, ढोल बडवून त्याला प्रोत्साहन देणारी तरुण मंडळी स्वतःस 'ऑरेंज आर्मी' म्हणवीत, आणि आमचे चिरंजीव त्या सेनेतले एक शिपाई झाले. सुटीत ते घरी आले की सामन्याच्या वेळी पान वाढलेले असे नि खाणारा दूरचित्रवाणीपुढे. हळूहळू माजघरातील बायकासुद्धा 'आज पुणे जिंकले का रे?' म्हणून विचारू लागल्या. २०१७-१८ च्या हंगामात संघ प्रथमच उपांत्य फेरीस पोहोचला, तेव्हा आमच्या भावजयीने देवापुढे साखर ठेवली. तिने उभ्या जन्मात बालेवाडी पाहिलेली नाही.

२०१९ च्या ऑगस्टअखेर, गणपती आठवड्यावर आले असता, बातमी आली की हा संघ आर्थिक अडचणींमुळे बंद झाला असून त्याची स्पर्धेतील जागा हैदराबादच्या नव्या संघास मिळाली आहे. बरेच खेळाडूही तिकडे गेले. पुतण्या गणपतीस घरी आला तो मुका होऊन. आरतीस उभा राही. पण त्याचा टाळ वाजत नसे. आम्ही त्याची समजूत घालावयास गेलो आणि म्हणालो, "अरे, पैसे घालणाऱ्यांचा संघ, परवडेना म्हणून त्यांनी तो बंद केला. यात तुझे काय गेले?"

तो म्हणाला, "काका, उद्या गावच्या देवळाचे पंच म्हणाले, की उत्पन्नात भागत नाही, सबब मूर्ती हैदराबादेस हलवतो, तर तुम्ही त्यांचे हिशेब तपासत बसाल की देवळाकडे धावाल?"

देव आणि चेंडू यांची ही तुलना आम्हांस रुचली नाही, आणि तसे आम्ही बोलूनही दाखविले. परंतु त्याने मग जो इतिहास सांगितला, तो ऐकून आमचे हसू मावळले. एकट्या पुण्यात २००७ पासूनच्या बारा वर्षांत मोठ्या उद्योगघराण्यांच्या वा व्यावसायिकांच्या पैशावर चार संघ उभे राहिले आणि चारही राष्ट्रीय स्पर्धांतून दिसेनासे झाले. पुणे एफ. सी. हा २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. दोन वर्षांनी त्याचा वरिष्ठ संघ मिटला. भारत एफ. सी. एकच हंगाम खेळला; डी. एस. के. शिवाजियन्सचे आय-लीगमधले दोन. मुंबईत तर १९६२ पासून खेळत आलेला आणि २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. यांपैकी एकाही वेळी प्रेक्षकांचे मत विचारण्याची सोय नियमांत नव्हती. त्यांना कळले ते वर्तमानपत्रांतून.

मालकांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. फुटबॉलचा संघ पोसणे म्हणजे हत्ती पोसणे. खेळाडूंचे वेतन, परदेशी शिक्षक, प्रवास, मैदानाचे भाडे हे सर्व एकीकडे. आणि तिकिटांची विक्री दुसरीकडे. वर्षानुवर्षे तोटा सोसणाऱ्या मनुष्यास 'सोसतच राहा' असे सांगण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्यास कोणी दिला, हा प्रश्न खोटा नाही. शिवाय दोष सर्वस्वी व्यक्तींचा नसून रचनेचा आहे. या नव्या स्पर्धेत सुरुवातीची कित्येक वर्षे संघास जागा मिळे ती खालच्या वर्गातून खेळत वर येऊन नव्हे, तर शुल्क भरून. जी जागा विकत घेतली, ती हलविताही येते. मग संघ म्हणजे त्या जागेवर अंथरलेली सतरंजी. बैठक उठली की गुंडाळावी.

याच्या अगदी उलट चित्र आम्ही कोल्हापुरास पाहिले होते. तेथील आमच्या व्याह्यांनी एकदा आग्रहाने छत्रपती शाहू स्टेडियमवर सामन्यास नेले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी तेथील संघांची नावे. कुस्तीच्या तालमी आणि पेठांची मंडळे यांतून हे संघ निघालेले. वर्गणी पेठेची, खेळाडूंत पेठेतली पोरे, आणि हरल्याचे सुतकही पेठेलाच. धनिकांचा व पुढाऱ्यांचा पैसा तेथेही लागतो. पण उद्या कोणी म्हणाला, की पाटाकडील तालीम हैदराबादेस हलवितो, तर लोक त्यास वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवतील. तालीम हलविण्यास आधी मंगळवार पेठ हलवावी लागेल! याचा अर्थ तेथे सर्व गोड आहे असा नव्हे. पेठेचा अभिमान डोक्यात चढला म्हणजे दगडफेक होते, सामने थांबवावे लागतात, पोलिसांस मध्ये पडावे लागते. आपलेपणा हे औषध आहे, तसे ते मद्यही आहे. तथापि मालक निघून गेला आणि खेळ थांबला, ही आपत्ती त्या पेठांना ठाऊक नाही.

परदेशांतही हा झगडा जुना आहे. लंडनमधल्या विंबल्डनचा संघ मालकांनी मिल्टन कीन्स या दूरच्या गावी नेण्याचे ठरविले व २००२ साली त्यास परवानगी मिळाली. चाहत्यांनी रडगाणे न गाता तेथल्याच माळावर खेळाडूंची निवड मांडली, स्वतःच्या मालकीचा नवा संघ काढला आणि पुष्कळ खालच्या वर्गातून आरंभ केला. नऊ वर्षांत, म्हणजे २०११ मध्ये, तो संघ फुटबॉल लीगमध्ये परत आला. जर्मनीने तर १९९८ पासून नियमच करून ठेवला आहे, की पैसा कोणाचाही असो, मतांपैकी निम्म्याहून एक अधिक मत सभासदांच्या संस्थेकडेच राहावे. त्यासही थोडे अपवाद आहेत. पण मूळ तत्त्व स्वच्छ आहे. आपल्या देशातही उदाहरण नाही असे नाही. १८८९ साली स्थापन झालेल्या मोहन बागानच्या नावामागे २०२० मध्ये दुसऱ्या संघाची आद्याक्षरे चिकटविण्यात आली, तेव्हा कलकत्त्याच्या चाहत्यांनी तीन वर्षे तगादा लावला, आणि २०२३ मध्ये मालकांना ती अक्षरे काढावी लागली.

हे सर्व आम्ही लक्षपूर्वक ऐकले, 'मुलगा हुशार आहे' असे मनात म्हटले, आणि विसरून गेलो. दुसऱ्याच्या घरचा न्याय आपणांस नेहमीच लवकर समजतो.

पुढे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्यांचे त्या एका दिवशी काय झाले, हे कोकणातील वाचकांस सांगणे नलगे. आमच्या वडिलार्जित वाडीतील पोफळी काडेपेटीतील काड्यांसारख्या आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे पुतण्या घरीच होता. तोच जुना नारिंगी सदरा घालून त्याने व त्याच्या आईने महिनाभर झाडे तोडून वाट काढली. नवी पोफळ लावून तिचे उत्पन्न दिसावयास सहा-सात वर्षे हवीत. आमचे वय, मजुरीचे दर, पडलेला पैसा यांचा हिशेब करून आम्ही मनाशी निर्णय घेतला. दिवाळीच्या सुमारास मुंबईचे एक गृहस्थ आले. त्यांना पर्यटकांसाठी निवासगृह बांधावयाचे होते. भाव बरा होता. मुंबईच्या बंधूंस आम्ही दूरध्वनीवरून कळविले. धाकट्या बंधूंनी, 'दादा, तुम्ही कराल ते योग्यच' असे नेहमीप्रमाणे म्हटले. विसार घेण्याचा दिवसही ठरला.

त्या रात्री पुतण्या ओटीवर आमच्याजवळ येऊन बसला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, आईला कोणी विचारले का?"

आम्ही म्हणालो, "तिला काय विचारायचे? सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावांची नावे आहेत."

"तिचे नाव नाही, हे खरे," तो म्हणाला. "पण तीस वर्षे त्या वाडीला शिंपण तिने केले. कोणती पोफळ कोणत्या साली लावली, हे तुमच्यापैकी एकालाही सांगता येणार नाही. तिलाही उद्या वर्तमानपत्रातूनच कळायचे का?"

खोटे कशास सांगावे, आम्हांस प्रथम संताप आला. घरात आजवर आमचा शब्द कोणी मोडला नव्हता. परंतु रात्री झोप येईना, आणि आम्ही वकील असलेल्या आमच्या आजोबांकडून लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवली, की आपल्या धर्मशास्त्राने व कायद्यानेही एकत्र कुटुंबाच्या कर्त्यास मालक मानलेले नाही. वडिलार्जित मिळकत त्याला कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी किंवा हितासाठीच विकता येते, लहरीखातर नव्हे. तो सांभाळणारा आहे. बालेवाडीच्या नारिंगी सदऱ्यांसाठी जो न्याय आम्ही मान डोलावून मान्य केला होता, तो आमच्याच माजघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला होता, आणि आम्ही त्याला ओळखले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर्व मंडळींस बसवून आम्ही प्रथमच भावजयीस तिचे मत विचारले. आमची अपेक्षा होती की ती रडेल, विकू नका म्हणेल. तिने तसे काही केले नाही. ती म्हणाली, "रस्त्याकडच्या बाजूला काही उरले नाही, ती विकली तरी चालेल, पैशाची गरज आहे. विहिरीकडची ठेवा. तिथली माती धरून आहे, केळीची सावली करून पोफळी लावता येतील." इतका व्यवहारी सल्ला ना आम्हांस सुचला होता, ना त्या मुंबईच्या गृहस्थांस. त्याप्रमाणेच झाले. पैसा आमच्या हिशेबापेक्षा कमी आला, आणि त्याची झळ पुढील दोन वर्षे सर्वांनी सोसली. पण ती सर्वांनी ठरवून सोसली, म्हणून कोणाच्या तोंडून तक्रार निघाली नाही.

पुतण्याचा संघ मात्र परत आला नाही. हैदराबादचा संघ २०२२ मध्ये विजेता झाला, तेव्हा ते दृश्य अर्धेमुर्धे पाहून त्याने दूरचित्रवाणी बंद केली. तीन वर्षांनी, २०२५ मध्ये, तोही संघ नव्या नावाने दिल्लीस हलविला गेला. ते ऐकून आमचे चिरंजीव खूश होतील असे आम्हांस वाटले होते. तो इतकेच म्हणाला, "आता तिथली पोरे आमच्यासारखी झाली." ज्याने दुःख भोगले आहे त्याला दुसऱ्याच्या दुःखाचा आनंद होत नाही, ही एक गोष्ट त्या खेळाने त्याला शिकविली असेल, तर खेळ वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.

पैसा घालणाऱ्याचा हक्क आम्ही कमी लेखत नाही. परंतु प्रेम, वेळ आणि श्रम घालणाऱ्यांचे नाव कोणत्याच सातबाऱ्यावर नसते, म्हणून त्यांना विचारण्याचे कारणच नाही, असे समजणारा मालक शेवटी रिकाम्या मैदानाचा मालक होतो. आणि असा वडील मनुष्य रिकाम्या घराचा.

अलीकडे किनाऱ्यावरच्या पोरांनी पुतण्याच्या सांगण्यावरून दहा-दहा रुपये वर्गणी काढून चेंडू घेतला आहे. तो आमच्या पडवीत असतो. जो आधी येईल त्याने न्यावा, शेवटी जाईल त्याने आणून ठेवावा. भांडणे पूर्वीइतकीच होतात. पण आता चेंडू बगलेत मारून कोणास घरी जाता येत नाही; भांडण तेथेच, वाळूवर मिटवावे लागते.